खाडीच्या तोंडाची पस्तीस मिनिटं

२०२३ सालच्या नोव्हेंबरात, दशमीच्या सकाळी, दमयंतीबाई मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवरच्या बोर्डाखाली उभ्या राहून बोटं मोजत होत्या. दहाची पाऊणपट साडेसात. त्यात पस्तीस मिनिटं. आठ वाजून पाच. बोर्डावर पूर्ण भरतीची वेळ लिहिली होती सात अडतीस.

त्यांनी चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा मोजलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर शाळेच्या आधी शिकतात. दोन-चार मिनिटं इकडेतिकडे होतात. अर्धा तास होत नाही.

बोर्ड म्हणजे खरं तर टीव्हीएवढा पडदा होता. आधी तिथं काळा फळा होता, म्हणून सगळे त्याला अजून बोर्डच म्हणत. त्यावर रोज दोन भरत्या आणि प्रत्येकीच्या खाली बोटींनी खाडीत आत येण्याची वेळ दिसायची, अमुकपासून अमुकपर्यंत. खाडीच्या तोंडावर वाळूचा उंचवटा होता. त्या वेळेत आलं तर त्यावर बोटीपुरतं पाणी मिळायचं. नंतर आलं तर बोट रुतायची.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार महिने लेकीकडे चिपळूणला राहून त्या आदल्याच संध्याकाळी परतल्या होत्या. हातातली काठी टेकत त्या ऑफिसची एक पायरी चढल्या.

"मृणाली, बोर्डाला कुणी हात लावला?"

मृणाली सोसायटीची क्लार्क. डिझेलची टोकनं देणं, बर्फाची नोंद ठेवणं आणि तो कॉम्प्युटर सांभाळणं, सगळं तिच्याकडे. तिनं खुर्ची पुढं सरकवली.

"चार महिन्यांनी आलात काकी, आणि आल्या आल्या भांडण? आधी बसा तरी."

"बोर्ड चुकतोय."

"बोर्ड कसा चुकेल? कॉम्प्युटर रोज पहाटे आपला आपण अपडेट घेतो. मी त्याला बोटसुद्धा लावत नाही."

"तेच विचारतेय. बोट न लावता धोंडूची पस्तीस मिनिटं गेली कुठं?"

मृणालीनं टोकनांची वही मिटली. धोंडू म्हणजे दमयंतीबाईंचा नवरा, आणि त्या त्याचं नाव घेत नसत. आज घेतलं होतं.

धोंडू सोसायटीच्या डिझेल पंपावर होता. छापील कोष्टकात भरतीची वेळ मिळते ती उघड्या समुद्रावरची. खाडीच्या तोंडाशी वाळू, पुढं वळण, त्यामुळं पाणी आत पोचायला उशीर करतं. किती उशीर, हे कुणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. धोंडूनं धक्क्याच्या पायऱ्यांशी एक सागवानी खुंट ठोकला, त्यावर पांढऱ्या रेघा मारल्या, आणि बावीस वर्षं, सणवार न बघता, पाणी चढायचं थांबलं की वेळ वहीत लिहिली. त्याच्या आईच्या दिवसांच्या वेळीसुद्धा तो पाटावरून उठून धक्क्यावर जाऊन आला होता, आणि त्यावरून भावकीत जे बोलणं झालं ते दमयंतीबाईंना शब्दन् शब्द आठवत होतं. सरासरी आली पस्तीस मिनिटं. तेव्हापासून एकही बोट तोंडावर रुतली नव्हती. त्याच्या मागं चार वर्षं त्या स्वतः खडूनं फळ्यावर वेळ लिहीत आल्या. मग त्यांच्या भावाचा मुलगा अजिंक्य, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, त्यानं सुट्टीत येऊन सगळ्या वह्या मशीनमध्ये घातल्या.

मृणालीनं त्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"आत्ये, गुडघा कसा आहे?"

"गुडघा राहू दे. तुझा कॉम्प्युटर अर्धा तास पुढं धावतोय."

अजिंक्यनं मृणालीला एक आज्ञा टाईप करायला सांगितली. पडद्यावर सात-आठ ओळी आल्या. त्या तिनं वाचून दाखवल्या. भरतीच्या पॅकेजची, म्हणजे वेळा काढणाऱ्या प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती बसली होती, ऑगस्टातली. तिच्यासमोर आकडा होता पाचशे. खाली जुनी आवृत्ती, 'धक्का' नावाच्या फोल्डरातली. तिच्यासमोर एक.

अजिंक्यनं ते दोन आकडे तिला पुन्हा वाचायला लावले.

"आत्ये, हा एक कुणी घातला?"

"मी घातला. तूच सांगितलंस."

त्यानं खरंच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत सगळं जोडून झालं तेव्हा त्याची पुण्याची एस.टी. लागली होती. बॅग खांद्याला अडकवून त्यानं आत्येला समजावलं होतं की कॉम्प्युटरला सामान दोन ठिकाणांहून मिळतं. एक जगभरच्या लोकांचं मोठं कोठार, आणि एक आपलं लहानसं, याच मशीनमधलं, ज्यात काकांचं भरतीचं पॅकेज आहे. दोन्हीकडे एकाच नावाची वस्तू सापडली तर कुणाची घ्यायची, ते आकड्यानं सांगायचं. "ज्याला पहिला मान, त्याचा आकडा तूच घाल," असं म्हणून तो हसला होता.

दमयंतीबाईंना मानाचे आकडे चांगले माहीत होते. शिमग्यात पालखी निघते तेव्हा कुणाचा खांदा आधी, कुणाचा नंतर, याची यादी देवळाच्या भिंतीवर रंगवलेली आहे. एक नंबरचं घर पहिलं. धोंडूच्या घराचा नंबर सातवा, आणि सातव्या घराला खांदा मिळेपर्यंत पालखी पार विहिरीजवळ गेलेली असते. लग्न होऊन आल्यापासून पन्नास वर्षं त्यांनी ते बघितलं होतं. त्या दिवशी त्यांनी एका बोटानं, जपून, एकचं बटण दाबलं होतं.

"इथं उलटं असतं गं," अजिंक्य म्हणाला. "या लिनक्समध्ये मोठा आकडा तो मोठा मान. माझ्या ऑफिसात दुसऱ्या जातीचं लिनक्स आहे, तिथं लहान आकडा पहिला. म्हणून तू एक घातलास तेव्हा मलाही काही खटकलं नाही."

"म्हणजे काकी, इथं पालखी नाही," मृणाली म्हणाली. "ग्रामपंचायतीची निवडणूक आहे. जास्त मतं तो सरपंच."

दमयंतीबाईंना हसू आलं नाही.

"मग दोन वर्षं नीट कसं चाललं?"

"वरच्या कोठारात नवीन काही आलंच नव्हतं. आपलं पॅकेज जास्त ताजं होतं, म्हणून बसून राहिलं. ऑगस्टात वरून ताजं आलं आणि पहाटे आपोआप काकांच्या जागी बसलं."

"ते अपडेटच बंद कर तू."

"नको. बाकीच्या मशीनला ते लागतात, नाहीतर व्हायरस शिरला की टोकनंसुद्धा बंद पडतील. फक्त आपल्या कोठाराचा आकडा वाढव. हजार एक कर. हजाराच्या वर गेलं की वरून कितीही नवं येऊ दे, हे आपलं जुनंच परत आणून बसवतं."

"मग हलणार नाही ना?"

"तू सांगेपर्यंत नाही."

मृणालीनं फाईल उघडून खुर्ची रिकामी केली. दमयंतीबाई बसल्या. एक, शून्य, शून्य, एक. प्रत्येक आकड्यानंतर त्या पडद्याकडे बघत होत्या. मृणालीनं अजिंक्य सांगेल तसं अपडेट हातानं चालवलं, आणि पाच मिनिटांनी बाहेरच्या बोर्डावर भरतीची वेळ बदलून आठ वाजून तेरा झाली. मग त्यांनी चहा मागितला.

मासे विकायला बसणाऱ्या बायका धक्क्याच्या अलीकडे, ओट्यावर असत. तिसऱ्या दिवशी दमयंतीबाई तिथं बांगडे घ्यायला गेल्या. सावित्रीनं टोपली त्यांच्याकडे सरकवली. सावित्री म्हणजे बोट चालवणाऱ्या दत्ताराम तांडेलाची बायको, आणि तिच्या जिभेला सगळा धक्का भीत असे.

"काय गो दमयंती, तू आलीस आणि बोर्ड पुन्हा म्हातारा झाला. नारळी पुनवेपासून बोटी कशा चटकन आत येत होत्या. आता बाहेर ताटकळत राहतात."

"ताटकळलेलं बरं. रुतलेलं वाईट."

"कोण रुतलं तीन महिन्यांत? सांग एक नाव."

"नशीब म्हणायचं."

"एवढं नशीब आमच्या वाट्याला कधीपासून यायला लागलं?" असं म्हणून सावित्रीनं दोन बांगडे जास्तीचे टाकले.

दमयंतीबाई पिशवी घेऊन घरी निघाल्या. वाटेत त्यांना नवा दगडी बंधारा लागला. त्या चिपळूणला गेल्या तेव्हा त्याचं शेवटचं टोक व्हायचं होतं. आता तो पुरा होऊन समुद्रात गेला होता, आणि तोंडावरची बरीच वाळू मशीननं उपसून पलीकडे टाकलेली दिसत होती. दगड अजून पांढरे होते, शेवाळ धरलेलं नव्हतं. लहानपणी माहेरच्या खाडीत शिडाची गलबतं लागायची आणि त्यांचे वडील त्यांना खांद्यावर घेऊन दाखवायचे, ते त्यांना आठवलं. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पुढं गेल्या.

पुनव झाली. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, त्यानंतर द्वितीया. उधाणाचे दिवस, पाणी उंच चढायचं आणि तितक्याच घाईनं उतरायचं. द्वितीयेला दुपारी साडेतीनच्या सुमारास मृणाली धावत दमयंतीबाईंच्या दारात आली.

"काकी, 'गुणवंती' तोंडावर रुतली."

'गुणवंती' दत्तारामची बोट. आईचं नाव दिलं होतं त्यानं.

धक्क्यावर माणसं जमली होती. बोट वाळूच्या उंचवट्यावर एका अंगावर कलली होती आणि तिच्या भोवतीचं पाणी बघता बघता कमी होत होतं. खलाशी होडीतून एकेक करून किनाऱ्याला येत होते. एकाचा हात दोरीत सापडून सोलवटला होता. कुणी बुडालं नव्हतं. सुकाणू मात्र मोडलं होतं, आणि आत चार दिवसांची मासळी होती. पुढची भरती येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं.

सगळ्यांच्या शेवटी दत्ताराम आला. पासष्टीचा माणूस, कमरेपर्यंत भिजलेला. सावित्रीनं त्याच्या अंगावर टॉवेल टाकला. दमयंतीबाईंनी बोर्डाकडे बघितलं. आत येण्याची वेळ तीन चाळीसपर्यंत होती.

"किती वाजता आलात?"

"सव्वातीन. वेळेत होतो, वयनी."

"होतात."

"पाणी आधीच निघालं होतं. बंधारा झाल्यापासून सुकती जोरात धावते. खालची वाळू मला बोटीतून दिसत होती."

"दिसत होती तर का घातलीत आत?"

दत्तारामनं टॉवेलनं मान पुसली.

"गेले तीन महिने बोर्ड लवकरची वेळ सांगायचा, आणि पाणीपण तसंच होतं. निघताना बघितलं तर बोर्डावर अर्धा तास वाढलेला. म्हटलं, वयनी आल्यात. त्यांनी वाढवलाय म्हणजे विचार करूनच वाढवला असणार. धोंडूच्या हिशोबापुढं माझे डोळे कुठं धरायचे?"

दमयंतीबाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"हिशोब त्यांचा होता. बसवला मी."

"तेच तर," दत्ताराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो जाऊन पालथ्या टोपलीवर बसला आणि बोटीकडे बघत राहिला.

त्या ऑफिसात गेल्या आणि मृणालीला म्हणाल्या, "बोर्ड बंद कर. काळा राहू दे."

तृतीयेला दुपारी दोन वाजता त्या धक्क्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसल्या. धोंडूचा खुंट खाली, पाचव्या पायरीशी होता. गुडघा वाकत नव्हता. रेघा वरून दिसत नव्हत्या. त्या कुणाला हाक मारावी याचा विचार करत होत्या, तेवढ्यात सावित्री काष्टा खोचत आली, काही न विचारता पायऱ्या उतरली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

"काय बघायचं ते सांग."

"पाणी रेघेवर चढायचं थांबलं की ओरड."

"एवढंच? यासाठी बावीस वर्षं लागली तुझ्या घोवाला?"

"ते न ओरडता करायचे."

सावित्री हसली. मृणाली मोबाईलमधलं घड्याळ हातात धरून मध्ये उभी होती. तिथीच्या हिशोबानं सव्वादोन. दोन वीस झाले. दोन चोवीसला सावित्री ओरडली, "थांबलं!" दहा मिनिटं थांबून बघितलं. पाणी एक बोट उतरलं होतं.

चतुर्थीला तीनच्या ऐवजी तीन दहा. पंचमीला पावणेचारच्या ऐवजी तीन बावन्न. नऊ, दहा, सात. पस्तीसच्या जवळपास एकही आकडा फिरकला नाही.

या तीन दिवसांत निम्म्या बोटी बाहेर गेल्या नाहीत. खलाशी बरेचसे बाहेरगावचे, त्यांना हे पाणी डोळ्यानं वाचता येत नव्हतं, आणि तांडेल काळ्या पडद्याखाली येऊन मृणालीला विचारायचे, बोर्ड कधी लागणार. दमयंतीबाई आतल्या बाकावर बसून ते ऐकत होत्या. पंचमीच्या संध्याकाळी त्यांनी अजिंक्यला फोन लावायला सांगितला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सोपं आहे आत्ये. वह्यांच्या हिशोबातून पंचवीस मिनिटं वजा करतो आणि नवं पॅकेज बांधून देतो. काकांचं नाव तसंच राहील, आकडाही हजार एकच राहील. उद्या दुपारपर्यंत देतो."

मृणाली त्यांच्याकडे आशेनं बघत होती.

"तीन दिवस मोजून?" दमयंतीबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"त्यांनी पस्तीस म्हणायला बावीस वर्षं घेतली. मी तीन दिवसांत दहा म्हणू? आणि त्यावर त्यांचं नाव घालू?"

"मग काय करायचं?"

"ते वरचं पॅकेज. ते तिथीला धरून सांगतं ना? म्हणजे आता दहा मिनिटं लवकरच सांगेल. लवकर आलेली बोट चढत्या पाण्यात थांबू शकते. उशिरा आलेली थांबू शकत नाही. वरचं येऊ दे."

अजिंक्यनं फोनवर 'चालेल' म्हटलं.

"आपलं कोठार मग काढून टाकायचं का, काकी?" मृणालीनं हळूच विचारलं.

"काढायचं कशाला? घरातलं आहे. आकडा कमी होतो ना?"

"होतो," अजिंक्य म्हणाला. "एक केलास तर ते पडून राहील. दुसरं काहीच नसेल तेव्हाच त्याला विचारतील. पण आत्ये, वरचं आपोआप यायला उद्याची पहाट उजाडेल. आजच हवं तर जुनं मृणालीला हातानं बदलावं लागेल. मग रोजचे अपडेट त्याला पुढं चालवतील."

"बदल गं बाई," त्या मृणालीला म्हणाल्या, आणि फाईल उघडी होती त्यातला आकडा त्यांनीच बदलला. या वेळी बटण दाबताना त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. बोर्ड लागला तेव्हा बाहेर दोन तांडेल उभे होते. त्यांनी वेळ वाचली आणि बर्फ भरायला निघून गेले.

मृणाली पुढच्या वर्षी सरकारी परीक्षा पास झाली. ती आता दापोलीला तहसील कार्यालयात आहे. तिच्या जागी दर्शन नावाचा मुलगा आला. तो अपडेटच्या नोंदी दर सोमवारी वाचतो, आणि काही बदललं की दमयंतीबाईंच्या घरी येऊन सांगतो, त्यांना त्यातलं सगळंच कळतं असं नाही तरीही.

सावित्रीचा ओटा जागेवर आहे. त्या चार दिवसांची मासळी वाया गेली हे ती अजून दमयंतीबाईंना महिन्यातून एकदा तरी ऐकवते, आणि दुपारी भरतीच्या वेळी पाण्यात उतरायला तीच जाते.

'गुणवंती'ला नवं सुकाणू बसलं. दत्तारामनं मुलाला बोट द्यायचं ठरवलं होतं, पण मुलगा मुंबईला गोदीत लागला, म्हणून तो स्वतःच जातो. निघताना तो बोर्ड बघतो, आणि आत शिरताना दोन मिनिटं इंजिन मंद करून पाणीही बघतो.

अजिंक्य पुण्यातच आहे, लग्न झालं, मुलगी सहा महिन्यांची. बंधाऱ्याच्या टोकाला दुसऱ्या पावसाळ्यानंतर पुन्हा वाळू बसायला लागली आहे. दमयंतीबाईंची नवी वही दुसऱ्या वर्षात आहे, आणि दर महिन्याच्या शेवटी त्या अजिंक्यला सरासरी कळवतात. दहा होती, मग बारा, मग पंधरा. गेल्या शिमग्यानंतर ती अठरा झाली.

"आता बसवू का, आत्ये?" अजिंक्यनं विचारलं.

दमयंतीबाईंनी वही मिटली.

"दत्ताराम बाहेर गेलाय," त्या म्हणाल्या. "आला की त्याला विचारून सांगते."